सईदभाईंच्या अत्तराचा रुमाल

मित्रांनो, माझ्या अंगावरची चंदेरी झिलई उडून खालचं प्लास्टिक दिसू लागलं आहे. मी तीन मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा. आधी हसून घ्या. पण दासगावात माझा जो मान होता, तो अजून कुठल्या मोबाइलला मिळालेला मी पाहिला नाही.

सईदभाई कुवेतची नोकरी सोडून परतले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून मी सावित्रीकाठी आलो. गावातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात राबत होती. इकडचे चेहरे तिकडे पाठवणं हे माझं काम. नवा ओटा, पोराचा पहिला रोजा, व्यालेली म्हैससुद्धा मी टिपली. पोलादपूरपर्यंत लग्नांना मला बोलावणं असे.

शुक्रवारी नमाजाहून आले की सईदभाई मला मांडीवर घेत आणि खिशातल्या रुमालाने माझी काच प्रेमाने पुसत.

हळूहळू माझे फोटो धुरकट येऊ लागले.

शेजारच्या सलीमाचाचींचा जुनैद कुवेतला गेला, त्यानंतर त्याची अफरीन जन्मली. बापाने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. गावातला राहील नावाचा पोरगा दुसऱ्या दिवशी तिकडेच निघणार होता. त्याच्या हाती फोटो द्यायचा होता. महाडच्या स्टुडिओतून प्रिंट आली आणि चाची कडाडल्या, "सईद, ही पोर हाय का भुताटकी? बाप घाबरंल रे!"

"सेल उतरले असतील," सईदभाई ओशाळून म्हणाले. त्यांनी नवे सेल घातले. त्यांच्या लेकीने, अम्बरीनने, त्यांचाच एक फोटो काढून पाहिला. धुकं तसंच.

"म्हातारा झाला बिचारा," सईदभाई मला थोपटत म्हणाले.

"थांबा, अब्बा." अम्बरीनने मला दाराशी नेऊन उजेडात तिरपं धरलं. काचेवर तेलकट रंग चमकले. तिने नाक जवळ नेलं आणि तिला हसूच फुटलं. "अब्बा, तुम्ही याला अत्तर लावलंत!"

"जुम्म्याचा अत्तराचा रुमाल..." सईदभाईंनी कपाळाला हात लावला.

"निकाह लावायचा व्हता का त्याचा?" चाची म्हणाल्या.

अम्बरीनने मऊ ब्रशने धूळ झटकली, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि धुऊन विरलेल्या मलमलीने ती हलकेच गोल गोल पुसली. फ्लॅश बंद केला. अफरीनला दारातल्या उजेडाकडे तोंड करून बसवलं. हात हलू नये म्हणून मला तांदळाच्या डब्यावर टेकवलं. बटण अर्धं दाबून मी नजर स्थिर करेपर्यंत ती थांबली, मग पूर्ण दाबलं.

मित्रांनो, पापण्यांचे केस मोजता येतील असा फोटो आला! प्रिंट हातात घेऊन चाची म्हणाल्या, "आता दिसली गो माझी नात!" जुनैदने तो फोटो कुवेतच्या खोलीत उशाशी लावला.

सईदभाई आता नाहीत. ते गेल्यावर अम्बरीनने मला कपाटातून काढलं. ठेवताना त्यांनी आठवणीने सेल काढले होते, म्हणून मी आतून गंजलो नाही. तुम्हीही तुमच्या जुन्या सोबत्यांना एवढं जपा. नवे सेल पडताच मी उठलो. कार्डात सईदभाईंचा एकच फोटो होता, त्या दिवशीचा, काच पुसण्याआधीचा.

"ह्यो धुरकट हाय गो," चाची हळूच म्हणाल्या. "दुसरा नाय?"

"हाच हवा, चाची. यात अब्बांचं अत्तर आहे."

तिने त्याचीच मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली. तिच्याखालच्या फळीवर मी बसतो, सेल काढून, ऐटीत.