मागच्या दाराचे कुलूप

माझ्या थोरल्याला लहानपणापासून आगीच्या बंबावर चढायची हौस होती. पण अग्निशमन दलात त्याला काम मिळाले ते आग विझवण्याचे नव्हे, ती लागू नये म्हणून आधीच नाक खुपसण्याचे. नाटकगृहे, हॉटेले, गोदामे, इस्पितळे अशा ठिकाणी जायचे, दारे उघडतात की नाही ते पाहायचे, विझवण्याची नळकांडी भरलेली आहेत की नुसती शोभेला टांगली आहेत ते तपासायचे आणि मग सही करायची. त्या सहीवाचून कोणाला धंदा करता येत नसे. मुलाच्या सहीला एवढे वजन असावे याचा मला अभिमान होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

त्याच्या कामाचा एक नियम त्यानेच मला समजावून दिला होता. जागा भरलेली असताना पाहायची. "आई, रिकामी खोली कधी कोणाला मारत नाही," तो म्हणायचा. नाटकगृह खेळ चालू असताना पाहायचे, शाळा मुले वर्गात असताना, आणि रात्री चालणारी जागा रात्रीच.

त्या नियमाला सुरुंग लागला तो घरातून.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, जुन्या कापडाच्या गोदामात, एक नाइटक्लब निघाला. थोरला तिथे एकदा, मालकाला आधी कळवून, रात्री तपासणीला गेला आणि सकाळी त्याच्या गणवेशाच्या खांद्यावर एक निळी चमकी सापडली. धुराचा वास माझ्या मुलाला इतरांच्या आधी येतो. बाकी सगळे वास सूनबाईला. तिने ती चमकी बोटाच्या टोकावर घेतली आणि चहाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"चमकी."

"कोणाची?"

"मला काय ठाऊक! दोनशे माणसं नाचत होती. अगं, मी तिथे नळकांडी मोजतो, बायका नाही."

"मोजत नाही म्हणता, मग दोनशे कशा कळल्या?"

मला हसू आवरले नाही. ती हसली नाही. ती चमकी तिने आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली, त्याची दाढी करायची जागा होती तिथे.

सुनेच्या मत्सराबद्दल मी तटस्थपणे लिहीत आहे, असे कोणी समजू नये. मत्सर काय असतो हे मला तिच्याकडून शिकायचे नव्हते. लग्नाआधी हा मुलगा घरात पाऊल टाकताच मला हाक मारी आणि दिवसभराची हकीकत माझ्यासमोर बसून सांगे. लग्नानंतर हाक तीच राहिली, दारही तेच राहिले. हकीकत मात्र आतल्या खोलीत जाऊ लागली. दार लोटून घेतले की मला कुजबुज तेवढी ऐकू येई. घर माझे, मुलगा माझा, आणि भिंतीला कान लावायची पाळीही माझीच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी त्या क्लबमधली गायिका आमच्या घरी आली. थोरल्याला त्या दिवशी रजा होती. दार मी उघडले. अंगात फिकट सुती कपडे, पायात सपाट चपला, केस मागे बांधलेले. तोंडाला काही फासलेले नव्हते. कचेरीतून पत्ता मिळाला, असे तिने आधीच सांगून टाकले, जणू कोणी तो प्रश्न विचारणार हे तिला ठाऊक होते.

"साहेब, मागच्या दाराला रात्री कुलूप असतं," ती उभ्याउभ्याच बोलू लागली. "पोरं तिथून मित्रांना फुकट आत घेतात, म्हणून मालक स्वतः कुलूप घालतात. वरून पडदा सोडतात. शनिवारी तर पडद्यामागे बाटल्यांची खोकी रचलेली असतात. छताला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून स्पंज डकवलाय, आणि खाली मंचावर ते ठिणग्यांचे फवारे उडवतात. माझा नवरा ड्रम वाजवतो. त्याची जागा मंचाच्या अगदी मागे आहे. त्याला बाहेर पडायला ते एकच दार."

"मालकाला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, गाणं म्हण, दारं मोजू नकोस. तुम्ही एकदा रात्री या, न कळवता. सकाळी आलात तर सगळं उघडंच दिसेल."

सूनबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या बाईला नवरा आहे, तो त्याच मंचावर बसतो, एवढे ऐकल्यावर कोणाचाही जीव थंड झाला असता. पण मत्सराला पुरावा लागत नाही आणि पुरावा मिळाला तर तो पटत नाही. गायिका पायऱ्या उतरते न उतरते तोच तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"दलात एवढी माणसं आहेत, तिला तुम्हीच बरे सापडलात!"

"तो विभाग माझा आहे."

"विभाग तुमचा, रात्र तुमची, आणि न कळवता यायचं! वा! मी काय कुकुलं बाळ आहे?"

"अगं, तिच्या नवऱ्याच्या जिवाची भीती वाटते तिला."

"मग नवऱ्याला दुसरी नोकरी बघायला सांगा. तुम्ही रात्रीचं त्या जागी पाऊल टाकलंत तर मी माहेरी निघाले. ही काही धमकी नाही, आधी सांगून ठेवतेय."

मी तिथेच बसले होते. मी आवाज चढवला नाही. मला तो चढवावा लागत नसे. "थोरल्या," मी म्हटले, "येत्या शनिवारी जा आणि दार पाहून ये. घरचं मी बघते."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आई, घरात शांतता हवी," तो म्हणाला. "मी नोटीस काढतो."

आयुष्यात पहिल्यांदा माझा शब्द माझ्याच घरात खाली पडला, आणि उचलायला कोणी वाकले नाही. मला झोंबले ते हे. ते दार, ते कुलूप, तो ड्रमवाला यांचा विचार त्या क्षणी माझ्याही मनात नव्हता.

त्याने नोटीस काढली. दार सदैव उघडे असते आणि छताच्या स्पंजाचे प्रमाणपत्र मागवले आहे, असे मालकाने उत्तर धाडले. थोरला सकाळी तपासायला गेला. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, झाडणाऱ्या बायका पाणी ओतत होत्या, आणि मागचे दार सताड उघडे, बंद होऊ नये म्हणून त्याला बादली टेकवलेली. त्याने सही केली. त्या दिवशी सूनबाई घरभर गुणगुणत होती.

आग लागली ती शनिवारीच. फवाऱ्याच्या ठिणग्या स्पंजाला लागल्या आणि छत वितळून खाली गळू लागले. पुढच्या दाराशी एकच चेंगराचेंगरी झाली. उरलेले मागे वळले, पडदा बाजूला केला, खोकी ढकलली, आणि पुढे कुलूप. पन्नासाहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक त्या पडद्यापाशी सापडली. ड्रमवाला त्यांच्यात होता. गायिका तेवढ्यात पाणी प्यायला पुढच्या बाजूला आली होती, म्हणून हात भाजून का होईना, वाचली. मालक दोन दिवस फरार होता, पकडल्यावर म्हणाला, "तपासणी अधिकाऱ्याची सही आहे. मला विचारू नका, त्याला विचारा."

थोरला त्या जागेवरून परत आला तेव्हा त्याने मला हाक मारली नाही, आणि तो आतल्या खोलीतही गेला नाही. बूट न काढता तो ओसरीवर बसून राहिला. सूनबाईने चहा आणून ठेवला, मग नेला, मग पुन्हा आणला.

चौकशी बसली. गायिकेने इस्पितळातून जबाब दिला की, तपासणी अधिकाऱ्याला मी त्यांच्या घरी जाऊन सगळे सांगितले होते. वकील घरी आला. हुशार माणूस, बोलताना चष्मा पुसायचा. "तिच्याकडे लेखी काही नाही," तो म्हणाला. "ती आलीच नव्हती असं घरच्या सगळ्यांनी सांगितलं तर तिचा शब्द एकटा पडतो. साहेबांची नोकरी जाईल, पण ते घरी राहतील. आली होती म्हणालात, तर माहीत असून सही केली असा अर्थ होतो. मग जबाब संपल्यावर पोलीस त्यांना तिथूनच नेतील."

वकील गेल्यावर सूनबाई माझ्या खोलीत आली. एरवी ती उंबऱ्यातूनच बोलते.

"आई, तुम्ही सांगा ना, ती आली नव्हती म्हणून. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही."

"तू मोडलास," मी म्हटले.

तिने ओठ चावला. "माझ्यावरचा राग यांच्यावर काढू नका."

"खोटं मी बोलणार नाही. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठीही नाही. माणसं मेली आहेत, सूनबाई."

"मला कळत नाही का ते?" ती एकदम रडू लागली. "पण सगळं जग तिच्यासाठी हळहळतंय. वर्तमानपत्रात तिचा फोटो. हे झोपेत दचकून उठतात ते तिचंच नाव घेत. परवा मला न सांगता इस्पितळात गेले होते. तिच्यापाशी! माझ्यापाशी एक अश्रू काढला नाही यांनी!"

मला तिची कीव यायला हवी होती. ती आली नाही. माझ्याजवळ तरी त्याने कुठे काढला होता!

चौकशीच्या आदल्या दिवशी थोरला माझ्यासमोर येऊन बसला, पूर्वी बसायचा तसा. "आई, काय करू?"

किती वर्षांनी हा प्रश्न माझ्या वाट्याला आला होता! आतल्या खोलीचे दार किंचित उघडे होते आणि तिथे कोणी उभे आहे हे मला दिसत होते. मी मुद्दाम स्पष्ट बोलले. "आली होती, हे सांग. ऐकलं होतं, हेही सांग. रात्री गेलो नाही, हे सांग. सही तुझी आहे, थोरल्या. ती दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नकोस."

"बरं," तो म्हणाला. मी जे सांगितले ते खरे होते आणि योग्यही होते. पण ते त्या दाराला ऐकवताना मला जे सुख झाले, ते योग्य नव्हते.

चौकशीच्या दालनात मृतांची माणसे दाटीने बसली होती. थोरल्याने उभे राहून सगळे सांगितले, एकही शब्द न गिळता. मागे कोणीतरी हुंदका दिला. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "इतकं कळल्यावर तुम्ही रात्री का गेला नाहीत?"

"कारण माझं मला ठाऊक. दोष माझा आहे."

"कारण सांगा."

"ते नाही सांगणार, साहेब."

नोकरी गेली, घर सुटणार, आणि तरी हा बायकोसमोर ढाल धरून उभा! माझी साक्ष पुढे होती. मला विचारतील, मी सांगेन. वाक्य माझ्या जिभेवर तयार होते.

पण माझ्याआधी गायिकेला बोलावले. दोन्ही हात पट्ट्यांत. तिने आपली हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "एक गोष्ट मात्र सांगते. साहेब इस्पितळात आले होते. माझ्या खाटेला धरून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना माफ केलं नाही, आणि त्यांनी माफी मागितलीही नाही."

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. सूनबाई उभी राहिली होती.

"मी अडवलं यांना!" ती दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "रात्री जायला मी नको म्हटलं. मी! माहेरी निघून जाईन म्हटलं. माझ्यामुळे गेले नाहीत ते. दुसऱ्या कोणाशी याचा काही संबंध नाही."

हे पश्चात्तापाने बोलले गेले, असे वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी लिहिले. पश्चात्ताप असेलही. मी मात्र तिचा चेहरा अगदी जवळून पाहत होते. नवऱ्याचे रडणे परक्या बाईकडे गेले होते. त्याचा गुन्हा तरी ती दुसरीकडे जाऊ देणार नव्हती. आणि मी? माझ्या जिभेवरचे वाक्य तिने पळवले, म्हणून मी चरफडत होते.

मध्यंतर झाले. गायिका लोकांतून वाट काढत आमच्यापाशी आली. ती चिडलेली दिसत नव्हती, नुसती थकलेली.

"एवढंच होतं?" तिने सूनबाईला विचारले. "मी तुमच्या दारात कुलपाचं सांगत होते. बाई, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसलात."

सूनबाईने मान खाली घातली. वाटले, आता ही पाय धरेल. तिने मान वर केली आणि हळूच विचारले, "इस्पितळात किती वेळ बसले होते हे?"

गायिका तिच्याकडे पाहतच राहिली. "उभे होते," ती म्हणाली. "बसा असं मी म्हटलं नाही."

सूनबाईचा चेहरा सैलावला. मला तिची शिसारी आली, आणि मग लक्षात आले की त्या उत्तरासाठी मीही श्वास रोखून उभी होते.

दालनाच्या पुढच्या बाजूने बुटांचे आवाज आले होते. ते आम्ही दोघींनीही ऐकले होते. आम्ही वळलो तेव्हा थोरल्याची खुर्ची रिकामी होती आणि वकील चष्मा हातात धरून दाराकडे पाहत होता.

"नेलं त्यांना," तो म्हणाला. "जाताना दोनदा वळून बघत होते तुमच्याकडे. तुम्ही बोलत होतात."

"कोणाकडे बघत होते?" सूनबाईने विचारले.

तिच्याआधी मी विचारले नाही, एवढेच.