लिचीचा वास

बोईसरजवळच्या नवापूरच्या शकूला ती वस्तू कपडे धुताना सापडली, लेकीच्या कॉलेजच्या पँटच्या खिशात. बोटाएवढी लांब, जांभळी, एका टोकाला चार्जिंगचं भोक. पदराला पुसून तिने नाकाशी धरली तर लिचीच्या गोळीसारखा वास आला. मोबाइलचंच काहीतरी असणार, भिजलं असेल तर हिमानी घर डोक्यावर घेईल, या धास्तीने तिने ती पिशवीत टाकली आणि मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात गेली.

तिच्या बसायच्या जागेसमोर मेहुलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक ओसरल्यावर ती तिथे गेली. "बघ रे जरा, बिघडलं तर नाय ना?"

मेहुलने ती वस्तू बघितली आणि चटकन काउंटरखाली धरली. "मावशी, हे मोबाइलचं नाय. व्हेप म्हणतात याला. बॅटरीवरची सिगारेट. बंदी आहे, तरी चोरून मिळते. कोणाची?"

"रस्त्यात सापडली," शकू म्हणाली.

मेहुलने पुढे विचारलं नाही. वस्तू कागदात गुंडाळून परत देताना तो एवढंच म्हणाला, "ज्याची असेल त्याला मारू नका. माझ्या भावाला पप्पांनी पट्ट्याने मारलं. त्याचं ओढायचं सुटलं नाय, पप्पांशी बोलायचं सुटलं."

त्या दिवशी शकूने एका बाईला कोलंबी म्हणून मांदेली दिली. रिक्षात बसल्यावर तिला एकेक गोष्ट आठवत गेली. हिमानी सोळा वर्षांची, अकरावीला. शाळेत कबड्डीच्या संघात होती, आणि आता जिना चढताना धापा टाकायची. जरा काही बोललं की अंगावर यायची. अभ्यासाचा ताण असेल, असं शकू शेजारणींना सांगत आली होती. राग लेकीचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा.

हिमानी चार वाजता घरी आली. मायलेकी नेहमीसारख्या अंगणात बांबूवर वाळत घातलेले बोंबील उलटवायला लागल्या. शकूचा नवरा कमलाकांत बोट घेऊन समुद्रात गेला होता. थोड्या वेळाने शकूने कागदाची पुडी ओट्यावर ठेवून उघडली.

"खिशात होती."

हिमानीचा चेहरा उतरला. "मैत्रिणीची हाय."

शकूचे हात शिवशिवले. ते तिने बोंबलांत गुंतवले. "बरं. मैत्रिणीची. तिला कधीपासून लागली?"

हिमानीने एकच बोंबील दोनदा उलटवला. मग म्हणाली, "जुलैपासून."

"आणि का लागली?"

"वर्गातल्या पोरी म्हणतात, तिच्या अंगाला मासळीचा वास येतो. बाकावर शेजारी बसत नाय कोणी. मग एकीने ही दिली. ही ओढलीस की सगळा लिचीचा वास येईल, म्हणाली. आणि खरंच बसायला लागल्या शेजारी." तिचा आवाज फुटला. "आता वासासाठी नाय ओढत, आये. नाय ओढली की डोकं ठणकतं. वर्गात बसवत नाय. सोडायची हाय, सुटत नाय."

"मला का नाय सांगितलंस?"

"तुला काय सांगू? तुझ्याच पाटीचा वास ना तो."

शकूला त्या पोरींचा असा संताप आला की आत्ता कॉलेजात जाऊन एकेकीला जाब विचारावा. पण लेक समोर रडत होती. ती उठली, हात धुतले आणि हिमानीला जवळ घेतलं. खूप वर्षांनी घेतलं, आणि पोर दूर झाली नाही.

दोन दिवसांनी कमलाकांत परतला. ऐकल्याबरोबर म्हणाला, "कॉलेज बंद."

"कॉलेज बंद केलंत तर घरात ओढेल," शकू म्हणाली. "मारलंत तर समुद्रावर जाऊन ओढेल. मी तिला सरकारी दवाखान्यात नेते. तुमी या, नायतर नका येऊ." तो आला नाही, पण आडही आला नाही.

दवाखान्यात तंबाखू सोडवणाऱ्या वत्सला मॅडमनी आधी हिमानीचंच सगळं ऐकून घेतलं. त्या वासाखाली निकोटीन असतं, तेच तंबाखूतलं, म्हणून सुटत नाही, असं त्यांनी समजावलं. तलफ येते ती थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यायचं, चालायचं, हाताला काम द्यायचं. पहिले काही दिवस चिडचिड होणार. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी तंबाखू घेतं?"

"नाय," शकू म्हणाली.

"मशेरी," हिमानी म्हणाली.

"ती काय तंबाखू हाय?"

"भाजलेली तंबाखूच ती, ताई," मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. "आणि ज्या दिवशी ही ओढल्याचं खरं सांगेल, त्या दिवशी ओरडायचं नाही. ओरडलात की पुढच्या वेळी खरं कळणार नाही."

पहिला आठवडा वाईट गेला. हिमानीने ताट भिरकावलं. शकूच्या तोंडून एकदा नको ते निघालं, आणि तिला माफी मागावी लागली. लेकीची माफी मागायची ही तिची पहिलीच वेळ. मशेरी तिने सकाळची ठेवली, बाकीची सोडली. तेवढ्यानेही तिचं डोकं धरलं, तेव्हा पोर काय सोसतेय ते तिला कळलं. कमलाकांत संध्याकाळी फाटकं जाळं काढून बसला की "जरा हात लाव" म्हणून हिमानीला हाक मारायचा. बापलेकीचं बोलणं जाळ्याच्या गाठींपुरतंच असायचं, पण रोज असायचं.

फेब्रुवारीत एका दुपारी हिमानी कॉलेजातून थेट बाजारात आली. शकू सुरमई कापत होती.

"आये, आज ओढली. दोनदा. प्रॅक्टिकल बिघडलं म्हणून."

शकूने कोयता खाली ठेवला. ओरडणं अगदी जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. "किती दिवस झाले होते?"

"सव्वीस."

"ते सव्वीस कुठे गेले नायत. ते तू काढलेस." तिने स्टूल पुढे सरकवलं. "बस. चहा सांगते."

"ओ मावशी, माझी सुरमई?" गिऱ्हाईक म्हणालं.

"पाच मिनिटं थांबा," शकू म्हणाली. "लेक आलीय."