चार पांढरे ठिपके

धाकटा एकसष्ट वर्षांचा होता. डोक्यावर जे काही उरलं होतं ते पांढरं होतं, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. कारण थोरली ताई अजून खणखणीत होती, आणि ती काय चीज आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढून ती फोरमन म्हणून निवृत्त झाली. तिच्यासमोर भलेभले गडी चळाचळा कापत. आणि धाकट्यानं काय केलं? कचेरीत बसून आयुष्यभर कागदांवर शिक्के मारले. बायको गेल्यावर तो बहिणीकडे राहायला आला, आणि आल्याच्या आठव्या दिवशी तिनं त्याला घोडीखाली घातलं.

घोडी म्हणजे जीप. चारही चाकांनी ओढणारी, चिखल, ओढे, दगडधोंडे काही म्हणून न बघणारी जुनी जात. वर्कशॉपनं ती लिलावात काढली तेव्हा ताईनं घेतली होती. मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली कित्येक वर्षं नुसती गंज खात पडलेली. मग दोन वर्षं ही दोघं भावंडं तिला लागली. इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स खोलला, तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला. स्वयंपाकघरातल्या परातीत रॉकेलमध्ये बेअरिंगं भिजत पडायची. ताईची लेक सुट्टीला आली की कपाळावर हात मारून म्हणायची, "आई, या घरात जेवायचं कशात?"

ताईचं सगळं शहाणपण तिच्या बोटांत होतं. नट जुना असला की ती डोळे मिटून आतले आटे बोटाच्या टोकानं चाचपायची आणि निकाल द्यायची: चालेल, किंवा फेक. पुन्हा विचारायचं नाही. मात्र हल्ली तिला साखरेचा त्रास होता. डॉक्टरांनी एकदा सहज सांगितलं होतं की अशानं पुढेमागे बोटांची टोकं बधिर होतात. त्या दिवसापासून एखादा नट चाचपताना ती जरा जास्त वेळ घ्यायची. धाकट्यानं ते पाहिलं होतं.

आणि तिचा एक नियम होता. नट बसवायचा एकानं आणि शेवटचा आवळायचा दुसऱ्यानं. दुसऱ्यानं पान्याला लांब पाइप लावून, नट हलायचा थांबेपर्यंत जोर लावायचा आणि मगच त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिला म्हणजे शब्द दिला. ठिपक्यावर पुन्हा पाना लावायचा नाही, तो दुसऱ्याचा अपमान. वर्कशॉपमध्ये म्हणे याच नियमावर सगळं चालायचं. ताईचा खांदा गेल्या वर्षी धरला, तेव्हापासून बसवायचं तिनं आणि ठिपका धाकट्याचा, अशी वाटणीच पडली. धाकट्याला ठिपक्याचा फार अभिमान. बारीक ब्रश, एका टेकवणीत गोल. शिक्क्यावर बसलेला हात, दुसरं काय!

तर घोडी रस्त्यावर काढायच्या आदल्या दिवशी दुपारी काय झालं ते ऐका. सगळं झालं होतं. पुढच्या डाव्या चाकामागे स्प्रिंगचे पाटे अॅक्सलला घट्ट धरून ठेवणारे दोन वाकडे बोल्ट असतात, त्यांचे चार नट तेवढे राहिले होते. नट जुनेच. धाकटा म्हणाला होता, नवे आणू. ताईनं चाचपून सांगितलं, "आटे ठणठणीत आहेत, चालतील." तिनं ते हातानं बसवले आणि आत जाऊन पडली. धाकटा खाली शिरला. तेवढ्यात शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावले.

"काय हो, तुम्हाला खरंच कळतं यातलं, की ताई सांगतात म्हणून झोपताय तिथे?"

झालं! धाकट्याला चेव आला. तो खालूनच व्याख्यान द्यायला लागला. पाटे म्हणजे काय, बोल्ट म्हणजे काय, ठिपका म्हणजे काय. पाना दूर पडला होता, ब्रश हाताशी होता. "हा बघा, असा द्यायचा," म्हणत त्यानं एक ठिपका दिला. मास्तर वाकून म्हणाले, "वा!" मग दुसरा. मग रंग सुकायला नको म्हणून तिसरा, चौथा. आता पाना आणून आवळायचंच आहे, असं त्याच्या मनात होतं, खरंच होतं. पण मास्तर म्हणाले, चहा टाकलाय, या. तो गेला. तिकडे त्यानं आणखी अर्धा तास फुशारक्या मारल्या. परत आला तेव्हा चार ठिपके सुकून चकचकत होते, आणि त्याच्या डोक्यातून पाना साफ निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टीला आलेली भाची चालवायला बसली, ताई तिच्या शेजारी, आणि मागे दांडा धरून उभा धाकटा. उभा! लग्नातल्या नवरदेवासारखा दोन्हीकडे हात हलवत होता. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. गल्ली संपली, उतार लागला, भाचीनं वळणावर ब्रेक दाबला आणि डावीकडून खाडकन आवाज आला. घोडीनं अंग टाकल्यासारखी मान डावीकडे घेतली. भाची ओरडली, "आई, वळत नाहीये!" आणि पुढचं चाक नाल्यात गेलं.

वेग बेताचा होता म्हणून वाचले. ताईच्या कपाळाला टेंगूळ आलं. भाचीचं उजवं मनगट मोडलं. धाकट्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. हे त्याला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिलं.

नाक्यावरच्या वेल्डरनं साखळी लावून घोडी ओढत घरी आणून दिली. तो एके काळी ताईच्या हाताखाली शिकलेला. भाचीला प्लास्टर घालून सगळे परत आल्यावर ताईनं टेंगळासकट गोणपाट पसरलं आणि खाली शिरली. धाकटा बाहेर उकिडवा बसला. काय दिसणार आहे ते त्याला नाल्यातच कळलं होतं. पाना, पाइप, मास्तरांचा चहा, सगळं एकदम आठवलं होतं.

"एक नट गेलाय," आतून आवाज आला. "बाकीचे तीन लोंबतायत."

ती बाहेर आली तेव्हा तळहातावर तीन नट होते, तिन्हींवर पांढरा गोल ठिपका. तिनं अंगणातल्या बाकावर बसून डोळे मिटले आणि एकेकाचे आटे चाचपले. पुन्हा चाचपले. मग म्हणाली, "गंमत बघ धाकट्या. मला अजूनही हे ठणठणीतच लागतायत."

त्यानं तोंड उघडलं.

"पण ठिपका आहे," ती म्हणाली. "तू आवळलेत. आवळलेला नट असा सुटत नाही. म्हणजे आटे गेलेलेच असणार, आणि ते मला कळत नाहीये. डॉक्टर म्हणाले होते तेच झालं रे. बोटं गेली माझी. पोरीचा हात मी मोडला."

धाकट्यानं तोंड मिटलं. आता बोलायला काय हरकत होती? सांगा ना! एका वाक्याचं काम. पण समोर भाची गळ्यात हात अडकवून उभी होती, फाटकात वेल्डर उभा होता, कुंपणापलीकडे मास्तर होते, आणि काल याच अंगणात याच तोंडानं त्यानं ठिपक्यावर व्याख्यान झोडलं होतं. लाज माणसाची जीभ कशी धरते ते ज्याची धरली त्यालाच कळतं. "असू दे गं ताई," एवढंच तो म्हणाला. असू दे! त्या दोन शब्दांनी त्याची त्यालाच किळस आली.

पुढचे पाच दिवस त्यानं घरातलं इतकं काम केलं की भाचीला संशय यावा. कपडे धुतले, माठ घासला, भाचीची वेणी घालायला निघाला. तिनं हात जोडले, "मामा, एका हातानं जमेल तसं करीन, पण वेणी नको." इकडे ताई बाकावर बसून साडीवरच्या कामाच्या शर्टाची बटणं चाचपायची. मिठाच्या आणि साखरेच्या बरण्यांत डोळे मिटून चिमूट घालायची आणि कुठली कुठली ते मनात ओळखायची. बरोबर ओळखलं तरी तिचा चेहरा खुलायचा नाही. एकदा तिनं धाकट्याचा हात हातात घेतला आणि त्याची बोटं दाबून बघितली. "तुझी बरी आहेत," ती म्हणाली. त्याला हात ओढून घ्यावासा वाटला. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. रोज जेवताना घास तोंडात असायचा आणि वाक्य घशात.

सहाव्या दिवशी तो भाजी घेऊन आला तर पत्र्याखाली, जिथे ताईची हत्यारांची लोखंडी पेटी असायची, तिथे फरशीवर नुसता चौकोन. बाकी जमीन तेलानं काळी, तेवढाच तुकडा स्वच्छ.

"पेटी कुठाय?"

"वेल्डरला दिली," ताई आतून म्हणाली. ती पानं वाढत होती. "पडून काय करायची? घोडीसुद्धा उद्या बघून जाईल तो. त्याच्याकडे माणसं आहेत."

बत्तीस वर्षं वापरलेली पेटी. धाकटा पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. मग पिशवी खाली ठेवली, आत गेला आणि बसलासुद्धा नाही.

"ताई, मी आवळले नव्हते."

"काय?"

"ते चार नट. आवळलेच नव्हते मी. नुसते ठिपके दिले."

भाचीचा घास हातातच राहिला. ताईनं भाताचा चमचा भांड्यात ठेवला.

"चारही?"

"चारही. मास्तर बघत होते. त्यांना दाखवायला दिले. म्हटलं मग आवळू. मग चहाला गेलो आणि विसरलो." आता सुरू झालंच होतं, तर त्यानं सगळंच ओकून टाकलं. "नाल्यातच आठवलं होतं मला. सहा दिवस झाले."

ताईनं उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरवला, एक, दोन, तीन, चार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की सुटकेचं ते धाकट्याला कळेना.

"म्हणजे आटे ठणठणीत होते."

"होते."

"सहा दिवस मी मिठाच्या बरणीत बोटं घालत होते. तू बघत होतास."

"हो."

"नट विसरलास ते होतं रे. माझ्याही हातून झालंय," ती म्हणाली. "पण हे..." तिनं पदरानं डोळे पुसले आणि आवाज एकदम फोरमनचा झाला. "जा. पेटी घेऊन ये. आणि का परत नेतोयस ते त्याला सांग. माझा विचार बदलला वगैरे थापा मारायच्या नाहीत."

वेल्डरकडे तीन गिऱ्हाइकं होती, आणि नशीब बघा, बाकावर मास्तर बसलेले. मोडक्या खुर्चीचा पाय जोडून घ्यायला आले होते. धाकट्याला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "पेटी न्यायला आलोय," तो म्हणाला. वेल्डरनं तोंडापुढची काच वर केली. "का? बाई तर म्हणाल्या, बोटं गेली."

धाकट्यानं मास्तरांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "बाईंची बोटं शाबूत आहेत. मी न आवळता ठिपके दिले होते. या मास्तरांपुढे मिरवायला. भाचीचा हात माझ्यामुळे मोडला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तर खुर्चीच्या पायाकडे बघत बसले. वेल्डर या धंद्यातला, ठिपक्याचा अर्थ त्याला शिकवायला नको होता. त्यानं आतून पेटी आणून धाकट्याच्या पायाशी ठेवली. एरवी त्यानं ती घरापर्यंत पोचवली असती. आज तो पाठ फिरवून कामाला लागला. पेटी एकट्यानं एका दमात नेण्यासारखी नव्हतीच. धाकट्यानं ती भर दुपारी सात ठिकाणी टेकवत घरी आणली, आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारलं, काय झालं हो?

तो पोचला तेव्हा ताई गोणपाट पसरून घोडीखाली होती. शेजारी थिनरची बाटली आणि चिंधी. धाकटा वाकून बघायला लागला तेव्हा त्याला कळलं ती काय करतेय. ती ठिपके पुसत होती. त्या तीन नटांचेच नव्हे, सगळे. मागच्या पाट्यांचे, गिअरबॉक्सचे, स्टेअरिंगचे. वर्षभरात त्यानं दिलेला एकेक.

"ताई, ते खरे आहेत गं. ते मी आवळलेत. पाइप लावून, शपथ."

"असतील," ताई म्हणाली आणि पुढचा पुसला.

तो तिथेच बसून राहिला. किती होते कुणास ठाऊक. त्यातला प्रत्येक त्याला आठवत होता, कुठला थंडीत दिला, कुठला पाठ धरलेली असताना. संध्याकाळपर्यंत सगळी घोडी ठिपक्याविना झाली. मग ताई बाहेर आली, पेटी उघडली, पाना काढून त्याच्या हातात दिला आणि पाइप त्याच्यापुढे ढकलला.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "मागच्या उजव्या चाकापासून घे."

तो खाली शिरला. पाइप लावला, जोर लावला, नट तसूभरही हलला नाही. हा त्यानं खरंच आवळला होता. ताई त्याच्या शेजारी आडवी झाली, हात लांबवला आणि नट बोटांनी चाचपला, सावकाश, डोळे मिटून. तिनं त्याच्याकडे ब्रश मागितला नाही. तो तिच्या शर्टाच्या खिशातच होता; आता ठिपका तिचा.