नापाससाहेबांची गाडी

ड्रायव्हिंगची परीक्षा घेण्यात त्यांनी उभी हयात काढली, आणि त्या हयातीत इतक्या लोकांना रडवेलं करून घरी पाठवलं की त्यांचं नाव नापाससाहेब पडलं ते पडलंच. साहेब निवृत्त झाले, नाव काही निवृत्त झालं नाही. त्यांनाही ते मनातून आवडायचं. त्यांची पद्धत साधी होती. उमेदवाराच्या शेजारी बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शेजारी असा दगड बसला की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि पोटात गोळा आला की हात चुकतो. हात चुकला की साहेबांच्या चेहऱ्यावर जे हसू फुलायचं, ते त्यांच्या बायकोलाही लग्नाच्या दिवशी दिसलं नव्हतं.

पोटच्या मुलीलाही त्यांनी चारदा नापास केलं. चौथ्या वेळी तिने एकही चूक केली नव्हती, पण पास केलं असतं तर लोक म्हणाले असते, शेवटी आपला तो बाब्या. मुलीने मग नाद सोडला आणि अर्धं आयुष्य नवऱ्याच्या नाहीतर टॅक्सीवाल्यांच्या पाठीमागे बसून काढलं. साहेब हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगत, आणि ती पाहुण्यांना पाणी देत ऐकत उभी असे.

तर अशा साहेबांनी शेजारच्या औषधवाल्याच्या फाटकाचा खांब पाडला. गाडी मागे घेताना. भर दुपारी.

"खांबच चुकीच्या जागी होता," ते म्हणाले.

"बाबा, तो खांब तिथे माझ्या जन्माआधीपासून आहे," मुलगा म्हणाला. मुलगा विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या बघायचा आणि घरी येऊन बापाला घाबरायचा. त्या दिवशी मात्र त्याने धीर करून हात पुढे केला. "किल्ली द्या. आता पुरे झालं."

साहेबांनी किल्ली दिली नाही, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. चष्म्याचा नंबर वाढला होता, मान वळत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. कबूल करायचं नव्हतं, एवढंच. गाडी गेली की आपण कोण? पोरांच्या वेळेप्रमाणे दवाखान्यात नेऊन आणायचं एक गाठोडं. या विचाराने त्यांना खरोखर भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी नापास करणार होतं.

त्यावर उतारा त्यांना पेपरच्या पहिल्या पानावर सापडला. विजेवर चालणारी आलिशान गाडी. समोर कुणी आलं की आपणहून ब्रेक लावते, मागे काय आहे ते दाखवते, चाक रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर गेलं की सरळ करते. कंपनी मात्र कालची पोर. त्याआधी ती पंखे बनवायची म्हणे.

"ही घेतली की तुमची तोंडं बंद," साहेबांनी जाहीर केलं. "खांब दिसला नाही तर गाडीला दिसेल."

"अहो, पंख्याची कंपनी ती!" मुलगा कळवळला. "उद्या बुडाली तर दुरुस्त कोण करणार? सुटे भाग कुठून आणणार? अंगणात एक मोठं कपाट उभं राहील, बाबा. तुमची सगळी पुंजी घालून घेतलेलं कपाट."

"माझ्याआधी कंपनी गेली तर मी तिला हसेन. कंपनीआधी मी गेलो तर तुम्ही मला हसा."

मुलगी म्हणाली, "घेऊ दे रे त्यांना. गाडी चांगली आहे."

साहेब चाट पडले. या घरात आपल्या बाजूने कुणी बोलेल, याची त्यांना सवय नव्हती. पोरगी शेवटी आपल्या वळणावर गेली, असं मनाशी म्हणून ते खूश झाले.

शोरूममध्ये फुलं होती, गार हवा होती, आणि गाड्यांपेक्षा आरसे जास्त होते. विकणारी पोर कोवळी होती आणि साहेबांनी तिला फाडून खाल्लं. बॅटरी थंडीत किती पडते? पाण्यात गेली तर? चार्जिंग मध्येच संपलं तर ढकलायची कुणी, तुम्ही? तिच्या कपाळावर घाम आला. साहेबांना कितीतरी वर्षांनी बरं वाटलं.

मग गाडी फिरवून बघायला निघाले. साहेब चालवायला, विकणारी शेजारी, सोबत आलेली त्यांची मुलगी मागे. साहेबांनी जुन्या सवयीने गाडीचीच परीक्षा सुरू केली आणि गप्प बसले. पण आज मुलगीही गप्प होती. आरशात तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते रस्त्याकडे नव्हते, साहेबांच्या हातांकडे होते. त्यांच्या पोटात कसंसंच झालं.

"कृपया रस्त्याकडे लक्ष द्या," गाडी गोड आवाजात म्हणाली.

"ही मला शिकवते?" साहेब गाडीवर खेकसले, आणि त्याच क्षणी ती जागच्या जागी थांबली. पट्ट्याने छाती आवळली. पुढच्या चाकापाशी एक सायकलवाला पाय टेकून उभा होता आणि शिव्या देत होता. साहेबांना तो दिसलाच नव्हता. कुठून आला, कधी आला, काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"बघत होतो थांबते का," ते म्हणाले. "थांबली. पास."

विकणारीने हसायचा प्रयत्न केला. मुलगी मागून म्हणाली, "बघितलं मी."

त्यांनी तिथेच गाडी पक्की केली. जुनी गाडी बदल्यात देऊन टाकली, तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. खरं तर वळायला मानच तयार नव्हती.

"आता किल्लीचं," विकणारी म्हणाली. "या गाडीला किल्ली नसते. मालकाच्या फोनवरच चालू होते. आणखी कुणी चालवायची, तेही फोनवरून मालकच ठरवतो. तुमचा फोन द्याल का?"

साहेबांनी खिशातला बटणांचा फोन बाहेर काढला. विकणारीने तो असा पाहिला, जसं काही त्यांनी खिशातून बेडूक काढला होता.

"फोन बोलायला असतो," साहेब म्हणाले. "असले पोरखेळ मला सांगू नका. आमच्या पोरीच्या फोनवर घाला काय घालायचं ते." आणि ते टायरवर लाथ मारून बघायला निघून गेले. सगळ्या गाडीची उलटतपासणी केलेल्या माणसाने तेवढी एकच गोष्ट तपासली नाही.

गाडी घरी आली तेव्हा गल्ली जमली. औषधवाला नव्या खांबाला टेकून उभा होता. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बाहेर आले, पुढचं दार उघडून ऐटीत बसले आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पडद्यावर काहीतरी अक्षरं आली. ती वाचायला त्यांना चष्मा नाकावर खाली ओढावा लागला. या व्यक्तीला वाहन चालवण्याची परवानगी नाही.

"बिघडली!" ते ओरडले. "म्हणालो नव्हतो? पंख्याची कंपनी!"

"बिघडली नाही, बाबा," मुलगी खिडकीशी वाकून म्हणाली. तिच्या हातात फोन होता. "तुम्ही मागे बसा. मी चालवते."

"तू? तुझ्याकडे लायसन्स कुठंय?"

"मागच्या महिन्यात काढलं. एक बाई होत्या परीक्षेला. पहिल्या फेरीतच पास म्हणाल्या. मी रडले तर त्यांना वाटलं, आनंदाने रडते आहे."

मुलगा बुटांकडे बघत होता. त्याला माहीत होतं. दोघा भावंडांना माहीत होतं, फक्त साहेबांना नव्हतं. साहेबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पैसा त्यांचा, गाडी त्यांची, दार उघडं, आणि गल्ली बघत होती.

"एकदाच," ते हळूच म्हणाले. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या हळू ते कधीच कुणाशी बोलले नव्हते. "कोपऱ्यापर्यंत. मग देतो तुला. एवढं ऐक माझं."

"तो सायकलवाला तुम्हाला दिसला नव्हता."

"नव्हता दिसला," ते म्हणाले. आयुष्यातली त्यांची ही पहिली कबुली. ती ऐकून पोरीचं मन वितळेल, असं त्यांना क्षणभर वाटलं.

ती काहीच बोलली नाही. दार धरून तशीच उभी राहिली, चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही. साहेबांना तो गप्पपणा पुरता ओळखीचा होता. पुढे काय होतं तेही माहीत होतं. स्टिअरिंगवरून आपले हात सुटले, हे त्यांना नंतर कळलं.

ते मागे जाऊन बसले. ती पुढे बसली आणि गाडी आवाज न करता हलायला तयार झाली, पण हलली नाही. मागच्या सीटचा पट्टा लागला नव्हता. साहेब तो ओढत होते, त्यांना खाच सापडत नव्हती. मुलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उतरली, मागचं दार उघडलं, त्यांच्या अंगावर वाकून पट्टा लावला आणि नीट बसला का ते ओढून पाहिलं. औषधवाल्याने टाळ्या वाजवल्या. त्याचं बघून सगळ्या गल्लीने वाजवल्या.