झुंबर हा सांगे

भयपटांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगतो. भूत पुरतं दाखवलं की भीती संपली, मग उरतो तो नुसता मेकअप. हल्लीच्या दिग्दर्शकांना वाटतं, एकदम मोठा आवाज केला की माणूस घाबरतो. घाबरत नाही, दचकतो. दचकायला काय, कुकरच्या शिट्टीनंही आपण दचकतो. आणि एक गोष्ट मी सोडून कुणी बोलत नाही: भूत नेहमी जादा खोली असलेल्यांच्याच घरी येतं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत भूत आलं असतं तर त्याला बसायला जागा मिळाली नसती, आणि नळाला पाणी आल्यावर आईनं त्याच्याही हातात हंडा दिला असता.

ही मतं मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहितो. नोकरी जिल्हा परिषदेत कारकुनाची, तिथं कुणी मत विचारत नाही. म्हणून रविवारी जेवण झालं की एक भयपट बघायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याची सालटी काढायची. बायकोला असले पिक्चर चालत नाहीत, ती शेजारी जाऊन बसते. आई मात्र माझ्या बाजूला लसूण सोलत बसते. तिचं नाव सुलाबाई, वय बहात्तर. तिला कशाचीच भीती वाटत नाही. "या बाईला रातच्याला दार उघडायची काय गरज होती?" एवढं एकच तिचं मत, आणि ते निम्म्या भयपटांना लागू पडतं.

माझे वडील भिमाजी असते तर त्यांनी टीव्हीच बंद केला असता. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भुतं काय बघतो रे?" असं ते म्हणायचे. ते सातपूरच्या कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी झुंबरदादांच्या गायन पार्टीत कोरसला बसायचे. जयंतीला, बारशाला, बुद्धविहाराच्या उद्घाटनाला पार्टी जायची. झुंबरदादा पुढं उभे राहून गायचे, वडील मागं टाळी देत ओळ उचलायचे. दादांना जाऊन वीस वर्षं झाली, वडिलांना सहा.

वडील जाण्याच्या आदल्या वर्षी तृप्ती नावाची एक मुलगी आमच्याकडे आली होती. कॉलेज रोडला राहणारी, पुण्यात फिल्म शिकणारी. नाशिकच्या जुन्या गायन पार्ट्यांवर तिला माहितीपट करायचा होता. वडिलांना तिनं खुर्चीत बसवलं, बनियनवर शर्ट घालायला लावला आणि गायला सांगितलं. ते गायले. मग ती मुलगी गेली ती गेलीच, आम्ही विसरूनही गेलो. यंदा एके दिवशी तिचा मेसेज आला: काका, फिल्म झाली, लिंक पाठवतेय, आजींना नक्की दाखवा.

तो रविवार भयपटाशिवाय गेला. आईनं धुवट पांढरं लुगडं नेसलं, लसणाची परडी बाजूला ठेवली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली.

माहितीपटाबद्दलही मत देतो, सवयच आहे. सुरुवातीला पाच मिनिटं ड्रोननं गोदावरी वरून दाखवली होती. ज्यांनी आयुष्यात काही वरून बघितलं नाही अशा माणसांची गोष्ट सांगायला ड्रोन कशाला, हे मला कळलं नाही. निवेदन करणाऱ्या बाईचा आवाज दवाखान्यात नंबर पुकारतात तसा. पण माणसं खरी होती. ढोलकीची शाई, पेटीचा फाटका भाता, म्हाताऱ्यांच्या गळ्यातल्या शिरा, सगळं जवळून आणि घाई न करता दाखवलं होतं. एकतिसाव्या मिनिटाला वडील आले. आई पुढं सरकली.

ते आजीचं गाणं गात होते. वडिलांची आजी पदरात भाकर बांधून मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाला गेली होती, दिवसभर उन्हात उभी राहिली आणि ती भाकर कुणालातरी देऊन उपाशी परत आली. एवढीच त्या गाण्यातली गोष्ट. आमच्या घरचीच. शेवटच्या कडव्यात वडील गायले:

"झुंबर हा सांगे, आजीची भाकर
तीच माझी शिदोरी जन्माची गं."

आणि खाली अक्षरं आली: गीत – झुंबर. कोरस – भिमाजी.

"काय लिव्हलंय?" आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. ती मग म्हणाली, "आजी कुणाची? झुंबरदादांची व्हती का?"

मला संताप आला. मी तिथल्या तिथं लिंकखाली चार परिच्छेद खरडले: संशोधन न करता केलेला माहितीपट, ड्रोन उडवायला वेळ आहे आणि चौकशी करायला नाही, एका कवीला कोरसवाला करून टाकलं, वगैरे. भयपटांवर लिहून लिहून माझी जीभ चांगली धारदार झालेली आहे. तासाभरात तृप्तीचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. ती भांडली नाही, त्यामुळं माझी पंचाईत झाली.

"काका, मी आजोबांना तीनदा विचारलं होतं, गाणं कुणाचं? ते म्हणाले, शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याचं गाणं. आणि नाव त्यांनी स्वतःच झुंबर असं घेतलंय. मी काय लिहायला हवं होतं?"

पार्टीची रीतच तशी होती. गाणं कुणीही लिहिलेलं असो, शेवटच्या कडव्यात नाव पार्टीच्या प्रमुखाचं. कोरसवाला बदलतो, मरतो, दुसऱ्या पार्टीत जातो. नाव एकच राहिलं तर पार्टी राहते. त्यात कुणाला चोरी वाटत नव्हती. वडिलांनाही वाटली नसावी.

पण आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "पोरी, नीट ऐक. 'झुंबर हा सांगे.' त्यातला 'हा' कशाला आला? झुंबर दोन ठोक्यांत सरतो. भिमाजीला तीन लागतात. यांनी 'भिमाजी सांगे' असंच बांधलं व्हतं. मागनं नाव बदललं तर एक ठोका मोकळा राह्यला, म्हणून 'हा' भरला."

आयुष्यभर पिक्चरमधले जोड शोधण्यात मी स्वतःला हुशार समजत आलो, आणि हा जोड हजार वेळा कानावरून गेला तरी मला ऐकू आला नव्हता.

तृप्तीलाही पटलं. पण ती म्हणाली, "आजी, मला खरं वाटतंय, पण नुसत्या एका अक्षरावर नाव बदलता नाही येणार. झुंबरदादांच्या घरचे विचारतील. काहीतरी पुरावा हवा. वही, कागद?"

वही नव्हती. वडील लिहीत नसत, बांधत आणि तोंडपाठ करत. "पण कॅशेट हाय," आई म्हणाली. "शहाऐंशीच्या जयंतीला पंचवटीत पोग्राम व्हता. झुंबरदादा तापानं पडले, तर हे पुढं उभे राह्यले. त्या दिवशी यांनी स्वतःचं नाव घेऊन गायलं. एकदाच. कुणीतरी टेप केलं आणि कॅशेट यांना आणून दिली. पेटीत हाय अजून."

पुरावा सापडला म्हणून तृप्ती फोनवर ओरडलीच. येत्या रविवारी ती प्लेअर घेऊन येणार होती. नाव बदलून फिल्म पुन्हा चढवते, म्हणाली.

पण ती कॅसेट मी ओळखत होतो.

सत्त्याऐंशी साली माझ्या बहिणीच्या, राखीच्या, बारशाला घरात भाड्यानं व्हीसीआर आणला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत जाणार होता आणि एक भुताचा पिक्चर बघायचा राहिला होता. मी बारा वर्षांचा. पिक्चर पुन्हा बघायला मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून निदान त्याचा आवाज तरी टेप करून ठेवावा असं डोक्यात आलं. कोरी कॅसेट नव्हती. वडिलांच्या कॅसेटवर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या काठावरचा प्लॅस्टिकचा तुकडा त्यांनी मोडून टाकला होता. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा टेप करता येतं, हे मला एका मित्रानं शिकवलं होतं. मी चिकटपट्टी लावली, टेपरेकॉर्डर टीव्हीला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं. मागून पट्टी काढली आणि कॅसेट होती तिथं ठेवून दिली. वडील कधीच काही बोलले नाहीत, तेव्हा त्यांना कळलं नसणार अशी मी समजूत करून घेतली. पुढं टेपरेकॉर्डरही बिघडला आणि विषय मिटला.

आठवडाभर मी आईला सांगायचं ठरवत होतो. सोमवारी सांगितलं नाही, मंगळवारी तिचं डोकं दुखत होतं, बुधवारी ती राखीला फोन करून सांगताना ऐकलं, "तुझ्या बापाचं नाव लागणार हाय." राखी देवळाली कॅम्पला असते, तिनं तिकडं दहा जणांना सांगितलं. मग माझी हिंमतच झाली नाही. मी मनात गणित मांडत बसलो: एक बाजू तीस मिनिटांची, कदाचित गाणं अगदी शेवटी असेल, कदाचित मी आधीच थांबवलं असेल. माणूस किती मूर्ख आशा धरू शकतो त्याला सीमा नाही.

रविवारी तृप्ती आली. लॅपटॉपला जोडायचा छोटा प्लेअर तिनं आणला होता. आईनं तिला पोहे दिले, पेटीतून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. वर वडिलांच्या वळणदार अक्षरात 'जयंती ८६'. तृप्तीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

आधी नुसती खरखर. मग दार करकरलं. वारा सुटला. एक बाई किंचाळली.

"दुसरी बाजू असेल," तृप्ती म्हणाली. तिनं उलटून लावली. दुसऱ्या बाजूला कुणाचंतरी भाषण होतं, शेवटपर्यंत.

"आई," मी म्हणालो, "ते मी केलंय." आणि सगळं सांगितलं. खाली मान घालून, साहेबापुढं उभं राहावं तसं. तृप्ती लॅपटॉपकडे बघत राहिली. आई म्हणाली, "पहिली बाजू लाव गं पोरी. पुरी ऐकू दे. मधी कुठं राह्यलं असंल."

तृप्तीनं लावली. आम्ही तिघं तो पिक्चर ऐकत बसलो. पावलं, कुत्रं, घंटा, पुन्हा किंचाळी. नववं-दहावं मिनिट असेल. एक तान्हं बाळ रडायला लागलं. पिक्चरमधलं नव्हतं ते; राखी होती. मग अगदी जवळून एका बाईचा आवाज आला, तरुण, चढा.

"अहो, पोरानं तुमची जयंतीची कॅशेट घातली वाटतं. बंद करा ना ती!"

आणि वडिलांचा आवाज, दबका: "राहू दे. गेलं ते गेलं. तू बोलू नको, त्यात येतंय सगळं. पोरीला बाहेर ने. त्याला परत ऐकायचंय."

मी तेव्हा तिथंच पडद्यात डोळे घालून बसलेलो असणार, पण यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नव्हता. दार लागल्याचा आवाज झाला, बाळाचं रडणं लांब गेलं. त्यानंतर वीस मिनिटं पिक्चर सोडून काहीही ऐकू आलं नाही. एवढ्याशा खोलीत एक भांडं वाजलं नाही, कुणी खोकलं नाही. त्या पिक्चरमधली एकही गोष्ट मला आता आठवत नाही. पण ती वीस मिनिटं ऐकताना माझे हातपाय गार पडले.

टेप संपली. तृप्तीनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "आजी, गाणं नाहीये यात."

"म्हंजी नाव नाय लागायचं."

"नाही लागणार, आजी."

आईनं मान हलवली. कॅसेट परत रुमालात गुंडाळायला घेतली, पण गाठ काही तिला बसेना. "मीच बोलले की त्यात," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच राह्यलं नाय बघ."

मी तिचे पाय धरले. "आई, मला माफ कर. लहान होतो गं मी."

"बारीक व्हतास. बारक्या पोराला कोण काय म्हनंल?" तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात जड नव्हता, रागाचाही नव्हता. "पन मोठा झाल्यावर तरी बोलायचं रे. बत्तीस वर्षं ते याच घरात व्हते. मोबाईल तुझ्या खिशात व्हता. नुसतं म्हनला असता, बाबा, माझ्यामुळं पुसलं, एकडाव परत म्हना तुमच्या नावानं, तर ते उभं राहून गायले असते."