साराईची नाडी

तिसरीला विज्ञानात हृदय आणि गणितात स्तंभालेख, दोन्ही एकाच आठवड्यात आले होते. फिलोमेनाबाईंनी ते एकत्रच शिकवायचं ठरवलं. मुलांनी पटांगणाला तीन फेऱ्या मारायच्या, मग पंधरा सेकंद एकमेकांची नाडी मोजायची, चारने गुणायचं आणि मिनिटाचा आकडा फळ्यावर लिहायचा. माझ्या साराईने पळायचं की बसायचं, हे विचारायला त्यांनी मला शाळेत बोलावलं.

साराई जन्मली तेव्हा तिच्या हृदयाजवळची एक नळी बंद व्हायची राहिली होती. आमच्या उंच पठारावरच्या एल आल्तोच्या विरळ हवेत अशी मुलं पुष्कळ जन्मतात. ती दोन वर्षांची असताना डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार नेऊन त्या नळीला बूच बसवलं. तेव्हापासून दर तपासणीला ते सांगतात, इतर मुलांसारखीच आहे, पळू द्या. मी मान डोलावते, घरी येते आणि जिन्यावरसुद्धा तिचा हात सोडत नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकून भीती कमी झाली नाही. काय काय बिघडू शकतं, त्याची नावं तेवढी पाठ झाली.

"मी एकटीच बसले, तर आलेखात माझा खांब कुठे काढणार?" साराईने विचारलं. कपड्यांवरून घालायच्या शाळेच्या पांढऱ्या झग्याची बटणं तिने आधीच सोडली होती.

मी बाईंकडे पाहिलं.

"पळ," मी म्हणाले. "पण हळू."

हळू कुठली! तिसऱ्या फेरीला ती तिच्या जोडीदाराच्या, लिंबर्टच्याही पुढे होती. परत आली तेव्हा मी आधी तिचे ओठ पाहिले. निळे नव्हते. लिंबर्टने तिचं मनगट धरलं, डोळे मिटले, मग उघडले.

"बाई, हिची नाडी सापडतच नाही."

मी भिंतीला टेकले. बाई सावकाश आल्या आणि त्याची बोटं मनगटाच्या पाठीवरून उचलून अंगठ्याखाली ठेवली. "हाडात काय शोधतोयस, राजा? इथे बघ."

तो मोठ्याने मोजू लागला. छत्तीस भरले. फळ्यावर गुणाकार करून त्याने लिहिलं, एकशे चोवीस. बाकीचे आकडे याहून मोठे होते. मला जरा हायसं वाटलं.

"हातचे दोन खाल्लेस का रे?" साराई म्हणाली. "सहा चोक चोवीस, हातचे दोन. तीन चोक बारा आणि दोन चौदा. एकशे चव्वेचाळीस होतात."

"तुझी आई घाबरलीय ना, म्हणून कमी केले," लिंबर्ट म्हणाला.

एकशे चव्वेचाळीस! मी बाकीचे आकडे नीट वाचले. एकशे चाळीस, एकशे बावन्न, एकशे अठ्ठेचाळीस. लिंबर्टचा स्वतःचा एकशे छप्पन्न. थोड्या विश्रांतीनंतर मुलांनी पुन्हा मोजलं, तेव्हा सगळ्यांचेच आकडे खाली आले होते, साराईचाही.

मग प्रत्येकाचे दोन खांब रंगवून झाले, एक उंच, एक बुटका. मी वर्गाच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथून नावं वाचता येत नव्हती, आणि नाव वाचल्याशिवाय माझ्या मुलीचे खांब मला ओळखता येईनात.

बाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, पुढच्या आठवड्यात दोरीच्या उड्या आहेत, तिला बसवू का.

"नको," मी म्हणाले.

फाटकाबाहेर जांभळ्या मक्याचं गरमागरम आपी मिळतं. सकाळपासून पोटात काही नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी एक पेला प्यायले, मग आणखी एक, आणि वर चीज भरलेली तळलेली पुरीही खाल्ली.