गोदूबाईंचा चमकीचा हार

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. हर्ण्याच्या गोदूबाईंच्या पडवीत, सुकट भरलेल्या टोपलीशेजारी माझा मुक्काम असतो. मला नाक नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

चौदा वर्षं मी त्यांच्या नवऱ्याच्या, महिपत तांडेलांच्या बोटीवर केबिनच्या टपावर बसलो. माझं काम साधं. न दिसणाऱ्या लहरी सोडायच्या आणि त्या कशावर आपटून परत आल्या की खाली पडद्यावर ठिपका उमटवायचा. धुकं असो की पाऊस, दोन-चार मैलांतलं मी सांगायचो. महिपत मला आपला तिसरा डोळा म्हणायचे. मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

एका नारळी पुनवेला गोदूबाईंनी बोट सजवली. धन्याला सुखरूप घरी आणणारा मी, म्हणून पहिला मान माझा. दापोलीहून आणलेल्या चमकीच्या हाराचे त्यांनी माझ्याभोवती सात वेढे घातले. पूजेचा हार सुकल्याशिवाय काढायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. आता चमकीचा हार कसला सुकतोय!

त्या चमकीवर धातूचा मुलामा होता. माझ्या लहरी तिथंच अडल्या. मी आंधळा झालो आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंदराकडे परतताना जोराची सर आली. पुढचं काही दिसेना. महिपतांचा धाकटा भाऊ लवू त्याच्या लहानशा होडीत, आमच्या वाटेतच जाळं ओढत होता, हे मला नंतर कळलं. पडदा मात्र मोकळा. महिपत निर्धास्त, बोट वेगात. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात पडद्याकडे बघून महिपत थबकले.

"सुवर्णदुर्ग कुठं गेला?"

किल्ला काही जागचा हलत नाही. तोच दिसत नाही म्हणजे काहीच दिसत नाही, हे त्यांनी ओळखलं. इंजिन बंद करून ते टपावर चढले आणि कोयतीनं हार कापला. खाली येऊन बघतात तर पडद्यावर किल्ला होता, आणि त्याच्या अलीकडे, नाकासमोर, एक फिका ठिपका. भोंगा वाजवत त्यांनी सुकाणू फिरवलं. होडी सरीतून बाहेर आली तेव्हा दोघा भावांना एकमेकांचे चेहरे दिसत होते.

घरी गोदूबाई तो हार मांडीवर घेऊन रडल्या. "माझ्या हातून भावजी गेले असते," म्हणाल्या. महिपतांनी त्यांना दोष दिला नाही. तीन दिवस पडदा आपणही नीट बघितला नव्हता, असं कबूल केलं.

गेल्या वर्षी रत्नागिरीच्या हर्षद मेकॅनिकनं बोटीवर नवा रडार बसवला. मला चालू झाल्यावर तापायला दोन-तीन मिनिटं लागायची, तो लगेच जागा होतो. अगदी बोटीलगतचं मला दिसत नसे, त्याला दिसतं. अंगावर येणारी बोट तो वेगळ्या रंगात दाखवतो. पुढे मुठीत मावणारे रडार निघतील आणि लहान होड्यांवरही बसतील, असं हर्षद सांगत होता. मला थोडा हेवा वाटला. पण मग लवूकडेही एक येईल, या विचारानं बरं वाटलं.

यंदाच्या पुनवेला गोदूबाईंनी नव्याच्या फक्त पायाशी कुंकू लावलं. घरी आल्यावर तोच कापलेला हार गाठ मारून त्यांनी माझ्याभोवती घातला.

"आता तुला काही बघायचं नाही," म्हणाल्या. "आता मिरव बाबा."

मित्रांनो, राबणाऱ्याचं कौतुक जरूर करा, पण त्याचे डोळे तेवढे मोकळे ठेवा. हाराची काही घाई नसते. मला तो आता छान शोभतो.